वाक्पटुता आणि बुद्धि

माझा एक विद्यार्थी कोणाच्या नजरेला नजर देत नसे. त्याच्या गणिताच्या वहींत चूक सांपडत नसे; पण चारचौघांत उत्तर देतां येईना, म्हणून मीं त्याची गणना मंदांत केली. पुढें त्यानें शाळा सोडली. तें शल्य अजून आहे.

डेन्मार्कमधील थॉर्किल सोन्ने यांचा मुलगा स्वमग्न. अशांच्या सूक्ष्म दृष्टीस संगणकक्षेत्रांत काम मिळावें म्हणून त्यांनीं २००४ सालीं संस्था काढली. २०१५ मध्यें मायक्रोसॉफ्टनेंही अशा उमेदवारांसाठीं निराळी निवडपद्धति आरंभिली: केवळ मुलाखतीवर न विसंबतां कांहीं दिवस प्रत्यक्ष काम करवून पाहावयाचें.

वाक्पटुता हा गुण खरा. पण तीच बुद्धि नव्हे. घरांतील अबोल मुलास प्रश्नांनीं भंडावण्यापूर्वीं त्याच्या हातीं काम देऊन पाहावें, एवढीच वाचकांस विनंति.