एका पानावरील अनेक आलेख

आलेखकागदाच्या उजव्या कोपऱ्यात प्रमाण लिहावयाचे राहिले, तर परीक्षक गुण कापतात, हे वरच्या वर्गांतील प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. हा दंड पुष्कळांस जाचक वाटतो. आमच्या मते तो सौम्यच आहे. एकटा आलेख असेल, तर वाचणारा अक्षावरील आकडे पाहून स्वतःस सावरून घेतो. परंतु चार-सहा आलेख एकत्र मांडले आणि प्रत्येकाचे प्रमाण निराळे ठेवले, म्हणजे डोळा आकड्यांकडे वळतच नाही. तो उंचीशी उंची ताडून पाहतो आणि निर्णय देऊन मोकळा होतो.

आलेख हाताने काढण्याचे दिवस आता मागे पडले. ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकभाषा न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात रचली. तीत एक ओळ लिहिली की पानाचे चार समान चौकोन पडतात आणि पुढील चार आलेख त्यांत ओळीने जाऊन बसतात. सोय मोठीच आहे. पण या मूळ पद्धतीत, आपण काही न सांगितल्यास, प्रत्येक आलेख आपल्या आकड्यांपुरता ताणला जातो. ज्याचा सर्वांत मोठा आकडा ६० तोही चौकोन भरतो, आणि ज्याचा ६००० तोही भरतो. पायथन भाषेतील ‘मॅटप्लॉटलिब’ची तऱ्हाही हीच.

याचा परिणाम पाहण्यासाठी आपल्या बेळगाव जिल्ह्याबाहेर जावयास नको. खानापूर तालुक्यातील कणकुंबी, जेथे मलप्रभेचा उगम आहे, तेथे एकट्या जुलै महिन्यात जेवढा पाऊस कोसळतो, तेवढा अथणीस सबंध वर्षातही मिळत नाही. या दोन ठिकाणांच्या मासिक पावसाचे स्तंभालेख शेजारी शेजारी मांडून पाहावेत. प्रमाण मोकळे सोडले, तर दोहोंचे उंच स्तंभ चौकटीच्या माथ्याला टेकतात, आणि अथणी कणकुंबीइतकीच ओलीचिंब दिसते! एकही आकडा खोटा नाही. तरीही अवर्षणप्रवण तालुक्याची तहान त्या पानावरून नाहीशी झाली. असे पान एखाद्या अहवालात छापले गेले, आणि पाण्याची तरतूद ठरविणाऱ्याने ते घाईत चाळले, तर पुढे काय होईल ते सांगावयास नको.

म्हणून आमचे म्हणणे असे की, एकत्र मांडलेल्या आलेखांना समान प्रमाण हाच नियम असावा, आणि जो तो मोडील त्याने तसे चित्रावरच ठळक अक्षरांत लिहावे. काही साधनांनी हा विवेक आधीच दाखविला आहे. हॅडली विकम यांचे ‘जीजीप्लॉट-टू’ आणि दीपायन सरकार यांचे ‘लॅटिस’ एकाच माहितीचे गट पाडून चौकटी करतात, तेव्हा न सांगताही सर्वांस एकच प्रमाण देतात. मोकळे प्रमाण हवे असल्यास ते मुद्दाम मागावे लागते. सरकार हे आपल्याच देशातील संख्याशास्त्रज्ञ, ही जाता जाता अभिमानाची गोष्ट.

समान प्रमाणाने काय साधते, याचे एक सुंदर उदाहरण अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सापडते. तेथे सहा ठिकाणी सातूचे दहा वाण १९३१ व १९३२ या दोन वर्षी पेरले होते. त्या उत्पन्नाच्या १२० आकड्यांचा थोरथोरांनी अभ्यास केला. विल्यम क्लीव्हलंड यांनी १९९३ साली आपल्या ग्रंथात त्यांचे सहा आलेख एकाच प्रमाणावर, एकाखाली एक मांडले. ठिकाणे त्यांनी आद्याक्षरांप्रमाणे न लावता उत्पन्नाच्या क्रमाने लावली. तेव्हा दिसले की पाच ठिकाणी १९३१ चे पीक सरस, आणि मॉरिस या एकाच ठिकाणी नेमके उलट! तेथील वर्षांची अदलाबदल झाली असावी, असे त्यांनी म्हटले. २०१३ साली केव्हिन राइट यांनी अधिक नोंदी तपासून, ही चूक नसून खरीच घटना असू शकेल, असे प्रतिपादन केले. वाद काहीही असो, प्रश्न उपस्थित झाला तो मांडणीमुळे.

आकाराचाही विचार करावयास हवा. सूर्यावरील डागांची संख्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्राने वाढते व घटते. अनेक वर्षांचा हा आलेख उंच चौकटीत करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. चढ-उतार दोन्ही सारखेच उभे भासतात. चौकट बुटकी व लांबट केली की चढण उतरणीपेक्षा वेगाने होते, हे ध्यानात येते. अर्थात, सहा आलेख एका रांगेत कोंबले तर प्रत्येक चौकट अरुंद होते आणि साध्या वाढीचाही कडा बनतो. उंचीची तुलना करावयाची असेल तर आलेख शेजारी शेजारी ठेवावेत. काळाची करावयाची असेल तर एकाखाली एक. अक्षरांकडेही लक्ष असावे. दोन रांगा व दोन स्तंभ केले, तर ‘आर’ची ती मूळ पद्धत अक्षरे ०.८३ पट करते. तीन वा अधिक झाले, तर ०.६६ पट. आकडेच वाचता येईनासे झाले, म्हणजे वाचकाजवळ उंचीखेरीज दुसरा आधार उरत नाही.

समान प्रमाणावर एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. कणकुंबीच्या प्रमाणावर अथणीचा आलेख जमिनीस चिकटतो, आणि तेथील शेतकऱ्यास मोलाचा वाटणारा सप्टेंबरचा पाऊस दिसतच नाही. अशा वेळी अथणीचा मोठा आलेख स्वतंत्रपणे, दुसऱ्या पानावर द्यावा. तुलनेच्या पानावर मात्र तिला ठेंगणीच राहू द्यावी. तिचे ठेंगणेपण हीच तेथे सांगण्यासारखी गोष्ट आहे.

विज्ञान-प्रदर्शनाच्या फलकांवर हल्ली संगणकाने काढलेले आलेख दिसतात, आणि त्यांत रंगांची हौस प्रमाणाहून अधिक असते. तीन फुटी फलकावर दहा गावांचा पाऊस एका रांगेत मावत नाही. तेव्हा पाच-पाचांच्या दोन रांगा कराव्यात, गावे पावसाच्या उतरत्या क्रमाने लावावीत, आणि खालच्या रांगेसही वरच्याच रांगेचे प्रमाण द्यावे.