आधी कर्जमंजुरी, मग घर

दुबईत ठरावीक भागांत परदेशी नागरिकांना मालकीहक्काने घर घेण्याची मुभा २००६ च्या कायद्याने दिली. तेव्हापासून आपल्या अनेक कुटुंबांत हक्काच्या घराची आस जागी झाली, हे स्वाभाविकच होय. परंतु आधी घर पसंत करावयाचे, अनामत भरावयाची आणि मग बँकेकडे जावयाचे, हा क्रम आम्हांस घातक वाटतो. अनामत बहुधा किमतीच्या १० टक्के असते. कर्ज नाकारले गेल्यास वर्षांची पुंजी धोक्यात येते.

५० लाख दिरहमपर्यंतच्या पहिल्या तयार घरासाठी परदेशी नागरिकास ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळते. सर्व कर्जांचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाऊ शकत नाहीत. उरलेली २० टक्के रक्कम, हस्तांतरणाचे ४ टक्के शुल्क आणि दलाली पदरची हवी. म्हणून प्रथम पूर्वमंजुरी घ्यावी. मात्र ती अंतिम नव्हे. घराचे मूल्यांकन नंतर होते.

शिवाय, बँकेने दिलेला आकडा म्हणजे आपली ऐपत नव्हे. गावी आईवडिलांना पाठवावयाचे पैसे त्यात धरलेले नसतात. आणि आपल्यापैकी अनेकांचा निवासपरवाना नोकरीवरच अवलंबून असतो. तपासणीवाचून औषध नाही. हिशेबावाचून घरही नसावे, एवढेच आमचे सांगणे.