शंभर येनच्या नाण्यावर तगलेले टोकियो

टोकियोच्या सहलीस निघालेल्या कुटुंबाच्या कार्यक्रमात हल्ली एक नाव हटकून आढळते. फुजी पर्वत आणि आसाकुसा येथील सेन्सोजी मंदिर ही वडीलधाऱ्यांची निवड असते, तर अकिहाबारा ही मुलांची. त्यावर घरात थोडी कुरबुरही होते. इतका खर्च करून परदेशी जायचे, ते काय व्हिडिओ गेम पाहण्यासाठी, असा प्रश्न हमखास विचारला जातो. प्रश्न स्वाभाविक असला, तरी त्यामागील समजूत मात्र तपासून पाहावी अशी आहे. १९८३ साली जपानमध्ये १४,८०० येनला विक्रीस आलेल्या निन्टेन्डोच्या ‘फॅमिकॉम’ या यंत्राच्या नकला पुढे भारतातील अनेक मध्यमवर्गीय घरांत पोहोचल्या. मे महिन्याच्या सुट्टीत टीव्हीला ते यंत्र जोडून ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ खेळलेली पिढी आज चाळिशीच्या घरात आहे. अकिहाबाराची ओढ, म्हणून, केवळ मुलांनाच असते असे नाही.

अकिहाबाराचा इतिहास मोठा रंजक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर येथील रस्त्यांवर रेडिओच्या सुट्या भागांचा बाजार भरू लागला आणि पुढे तो रेल्वेच्या उन्नत मार्गाखालील गाळ्यांत स्थिरावला. रेडिओमागून घरगुती विद्युत उपकरणे आली, त्यांच्यामागून संगणक आणि मग खेळ. येथील ‘सुपर पोटॅटो’ या दुकानात जुन्या खेळांच्या कॅसेटी ग्रंथालयातील पुस्तकांसारख्या रचलेल्या दिसतात. भाव मात्र आता पूर्वीचे राहिलेले नाहीत. परदेशी पाहुण्यांची मागणी हेही त्याचे एक कारण आहे. नाकानो ब्रॉडवे ही १९६६ सालची व्यापारी इमारतही जुन्या वस्तूंच्या शोधकांना आवडेल. शिबुयातील निन्टेन्डोचे दालन २०१९ मध्ये उघडले. ते देखणे आहे; पण तेथे अनुभवण्यापेक्षा खरेदीच अधिक.

खरे पाहण्याजोगे स्थळ वेगळेच आहे, आणि ते म्हणजे गेम सेंटर. १९७८ मध्ये ताइतो या कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ तयार केला आणि शंभर येनचे नाणे टाकून खेळण्याची सवय साऱ्या जपानला जडली. या खेळामुळे देशात शंभर येनच्या नाण्यांचा तुटवडा पडला, अशी एक आख्यायिका आजही सांगितली जाते. बँकेच्या रोख विभागात काम केलेल्यांना ती फार आवडेल. परंतु तिला भक्कम पुरावा नाही. नाण्याची खरी कहाणी पुढे आहे, आणि ती अधिक विचार करायला लावणारी आहे.

१९७८ मध्ये एका डावाचे शंभर येन घेतले जात. आजही बहुतेक ठिकाणी शंभर येनच घेतले जातात. यंत्राची फट एकाच नाण्यासाठी बनविलेली. तीत १०३ किंवा ११० येन टाकण्याची सोय नाही. दरम्यान १९८९ मध्ये ३ टक्के उपभोग कर लागू झाला. १९९७ मध्ये तो ५, २०१४ मध्ये ८ आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये १० टक्के झाला. किंमत तीच ठेवून कर आतूनच द्यायचा, म्हणजे शंभरातील सुमारे नऊ येन कराचे आणि हाती उरतात एक्क्याण्णव. त्यातून भाडे, वीज आणि पगार. जुन्या काचनळीचे पडदे आता बनत नाहीत. त्यांची दुरुस्ती जाणणारा कारागीर मिळणेही सोपे नाही. जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा चलनात आल्या, तेव्हा सुटी नाणी देणारी यंत्रेही अद्ययावत करण्याचा भार पडला. किंमत गोठलेली आणि खर्च वाढता, हे गणित कोणत्याही कर्जविभागातील अधिकाऱ्यास एका दृष्टिक्षेपात उमगेल. १९८० च्या दशकाच्या मध्यास जपानमध्ये अशी सुमारे २६,००० केंद्रे होती. २०२० च्या सुमारास ती ४,००० च्या आसपास उरली.

त्यातच महामारी आली. अकिहाबारातील सेगाची सुप्रसिद्ध दुसरी इमारत ऑगस्ट २०२० मध्ये बंद झाली. त्याच वर्षी सेगाने या व्यवसायातील बहुतांश हिस्सा जेन्डा या कंपनीस विकला आणि २०२२ मध्ये उरलेलाही दिला. त्या केंद्रांवर आता ‘गिगो’ हे नाव झळकते. आत शिरल्यावर प्रथम दिसतात ती खेळणी उचलणारी यंत्रे. आज या व्यवसायाचे निम्म्याहून अधिक उत्पन्न त्यांतूनच येते. जुने खेळ बाजूला सरले, याचा दोष मालकांना देता येणार नाही. पोट भरणारे यंत्र दाराशी ठेवणे हा व्यवहारच आहे.

तरीही काही ठिकाणे तग धरून आहेत. अकिहाबारातील ताइतोच्या ‘हे’ या केंद्रात जुने नेमबाजीचे खेळ आजही मूळ रूपात खेळता येतात. ताकादानोबाबा येथील ‘मिकाडो’ने २०२० च्या संकटात चाहत्यांकडे मदत मागितली आणि चाहत्यांनी ती दिली. असे खेळ काचेच्या कपाटात ठेवून जतन होत नाहीत. बटणाखालची स्प्रिंग, पडद्याची किंचित थरथर, शेजारच्या खेळाडूचा कोपर लागणे, या गोष्टी वस्तुसंग्रहालयात कशा मांडणार? खेळला जात नाही तो खेळ म्हणजे नुसते लाकडी खोके. आणि म्हणूनच दारात उभे राहून चार छायाचित्रे काढून निघून जाणारा चाहता, त्याचे प्रेम कितीही खरे असले, तरी त्या जागेच्या काहीच कामाचा नसतो. शंभर येन म्हणजे आपले साधारण साठ रुपये. टोकियोत तेवढ्यात धड कॉफीही मिळत नाही.

कार्डावर विसंबून जाणाऱ्या पाहुण्याने एवढे मात्र लक्षात ठेवावे, की नवी यंत्रे इलेक्ट्रॉनिक पैसे स्वीकारत असली, तरी जुन्यांना नाणेच लागते. केंद्रातच एक यंत्र असते. त्यात हजार येनची नोट सरकवली, की खाली खणखण करीत दहा नाणी पडतात. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्यावर ‘हे’च्या दुसऱ्या मजल्यावर गळ्यातला टाय सैल केलेली प्रौढ मंडळी येऊन बसतात, बॅग पायाशी ठेवतात आणि यंत्राच्या कडेवर नाण्यांची छोटीशी चळत रचतात.