‘यूए १६+’ म्हणजे नक्की काय? थिएटरमध्ये वेगळं, ओटीटीवर वेगळं!

पोस्टरवर ‘यूए १६+’ दिसलं की मला हमखास विचारतात, पंधरा वर्षांच्या भावाला थिएटरमध्ये अडवतील का? नाही. २०२४ च्या नियमांनी जुन्या ‘यूए’चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग केले, पण ती पालकांसाठी सूचना आहे. वयावरून प्रवेश अडतो तो फक्त ‘ए’ सिनेमाला. तिथे १८ पूर्ण हवीत.

वेब सिरीजवरही हेच आकडे दिसतात. मात्र ते सेन्सॉर बोर्ड देत नाही. २०२१ च्या आयटी नियमांनुसार ओटीटी कंपनी स्वतःच ठरवते. १३+ आणि पुढच्या कंटेंटसाठी पॅरेंटल लॉकची सोय देणं कंपनीला बंधनकारक आहे. लॉक लावायचं काम मात्र आपलं! थिएटरच्या दारात निदान माणूस उभा असतो, मोबाइलवर कोणीच नसतं. म्हणून मी म्हणेन, धाकट्यांच्या हातात फोन देण्याआधी आपल्या प्रोफाइलला पिन लावा.