नालवाडी : लोकसंख्या व नागरीकरण
नालवाडी हे वर्धा शहराला लागून असलेले जनगणना नगर आहे. १९३०च्या दशकात विनोबा भावे यांचे येथे वास्तव्य होते. त्या काळी ते लहानसे खेडे होते. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली, वर्धा जिल्ह्याची मात्र केवळ ५ टक्क्यांनी. याच काळात वर्धा नगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १ लाख ११ हजारांवरून १ लाख ६ हजारांवर उतरली. तथापि यावरून शहर आकसले असा निष्कर्ष निघत नाही. नागरी वस्ती नालवाडी, सिंदी (मेघे) यांसारख्या हद्दीबाहेरील गावांत विस्तारली आहे. किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला ४०० व्यक्तींची घनता आणि शेतीबाहेर काम करणारे ७५ टक्के पुरुष कामगार हे जनगणना नगराचे निकष होत. हा दर्जा मिळाल्याने नगरपालिका आपोआप स्थापन होत नाही. परिणामी पाणीपुरवठा, सांडपाणी व घनकचरा या शहरी गरजांचा भार ग्रामपंचायतीवरच पडतो.