पित्याच्या उजव्या हाताची जागा

खलनायकाचे हृदयपरिवर्तन खरे वाटायचे असेल, तर ते त्याच्या चांगल्या दिवसांत घडावे लागते. पराभूत माणूस बदलतो तेव्हा त्याचा पश्चात्ताप कुठे संपतो आणि सोय कुठे सुरू होते, हे सांगता येत नाही. तुरुंगाच्या दारात सुचलेले शहाणपण प्रामाणिकही असू शकते, पण ते तसे आहे हे दाखवण्याचे साधन कथेपाशी उरत नाही. अ‍ॅनिमेशन मालिकांपैकी ही गोष्ट सर्वांत नीट ओळखली ती ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ने. मायकेल डांटे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झ्को यांची ही अमेरिकी मालिका २००५ ते २००८ या काळात निकलोडियन वाहिनीवर दाखवली गेली. तीन पर्वे आणि ६१ भागांच्या या मालिकेत अग्निराष्ट्राचा राजपुत्र झुको शत्रूचा मित्र होतो. हा प्रवास इतका सावकाश आणि इतक्या कठोरपणे रचलेला आहे, की पुढच्या मालिकांची पारख त्याच्याशी ताडून होत आली आहे.

मालिकेच्या जगात जल, पृथ्वी, अग्नी आणि वायू या तत्त्वांची चार राष्ट्रे आहेत. अग्निराष्ट्राने शंभर वर्षे इतरांवर युद्ध लादले आहे. ते थांबवू शकेल असा अवतार म्हणजे बारा वर्षांचा आंग. डाव्या डोळ्यावर भाजल्याचा मोठा व्रण असलेला सोळा वर्षांचा झुको त्याचा पाठलाग करतो. आंगला पकडून नेले, तरच त्याला घरी परतता येणार आहे.

हा व्रण कसा आला हे पहिल्या पर्वातल्या ‘द स्टॉर्म’ या बाराव्या भागात कळते. तेरा वर्षांचा झुको युद्धसभेत बसला होता. नवशिक्या सैनिकांची एक तुकडी मुद्दाम बळी द्यायची, असा बेत एका सेनापतीने मांडला आणि झुकोने त्याला भर सभेत हरकत घेतली. शिक्षा म्हणून द्वंद्व ठरले. मैदानात समोर सेनापती नव्हे, खुद्द वडील, अग्निसम्राट ओझाई उभे होते. मुलाने लढायचे नाकारून क्षमा मागितली. बापाने त्याचा चेहरा जाळला आणि त्याला हद्दपार केले.

अशी हकिकत ऐकून प्रेक्षक हळहळतो, आणि पुष्कळ लेखक या हळहळीवरच थांबतात. दुःखद बालपण सांगितले की खलनायकाला माफी मिळाली, असे ते धरून चालतात. ‘अवतार’मध्ये या हकिकतीचे काम निराळे आहे. मुलाचा अपराध काय होता, तर ज्यांच्या वतीने बोलणारे कुणी नव्हते त्यांच्या वतीने तो बोलला. त्याच भागात वादळात सापडलेल्या जहाजावर तो जीव धोक्यात घालून आपल्या माणसाला वाचवतो आणि अवतार डोळ्यांसमोरून निसटत असताना जहाज सुखरूप काढण्याला महत्त्व देतो. म्हणजे पुढे जो गुण फळाला येणार, तो पहिल्या पर्वातच, शत्रूच्या बाजूला असताना पेरलेला आहे.

दुःखद बालपण पुरेसे नसते, याचा पुरावा मालिकेने झुकोच्याच घरात ठेवला आहे. त्याची धाकटी बहीण अझुला त्याच बापाच्या हाताखाली वाढली. आई आपल्याला राक्षस समजत होती, ही सल तीही एका भागात बोलून दाखवते. प्रेक्षकाला तिची कीव येते, पण ती बदलत नाही. शेवटी तिचे मनच कोसळते. एकाच घरातली दोन मुले अशी दोन दिशांना गेली, म्हणून झुकोचा बदल हा त्याचा स्वतःचा निर्णय ठरतो. परिस्थितीने तो आपोआप घडवून आणलेला नाही.

दुसऱ्या पर्वात झुको काका आयरोसोबत परागंदा होतो. शेंडी कापून टाकतो, उपाशी भटकतो. ‘झुको अलोन’ या भागात तो एका गावाला गुंड सैनिकांच्या तावडीतून सोडवतो, पण आपले खरे नाव सांगताच तेच गाव पाठ फिरवते. ज्या मुलाशी त्याची गट्टी जमली होती, तोही त्याने दिलेला खंजीर नाकारतो. सत्कृत्याचे बक्षीस लगेच मिळत नाही, हे लहान मुलांच्या मालिकेने इतक्या स्पष्टपणे सांगावे ही मोठी गोष्ट आहे. पुढे बा सिंग से शहरात काका-पुतणे चहाच्या दुकानात राबतात. आंगचा पळवलेला उडता गवा झुकोच्या हाती लागतो. तो त्याला सोडून देतो आणि त्यानंतर तापाने फणफणतो. बरा होऊन उठतो तो शांत, हसरा. आता हा माणूस बदलला, असे प्रत्येकाला वाटते.

आणि नेमक्या याच टप्प्यावर, ४०व्या भागात, तो घात करतो. आंगची सोबतीण कटारा हिने त्याच्यावर विश्वास टाकून त्याचा व्रण बरा करण्याची तयारी दाखवल्यानंतर काही क्षणांतच तो अझुलाच्या बाजूने लढतो. तिच्या विजेच्या तडाख्याने आंग मरणाच्या दारी पोहोचतो आणि आयरोला कैद होते. संपूर्ण मालिकेतला हा सर्वांत धाडसी निर्णय आहे. कनिष्ठ दर्जाच्या लेखणीने झुकोला याच वेळी आंगच्या शेजारी उभे केले असते आणि टाळ्या मिळवल्या असत्या. पण तोवर त्याने सोडले होते ते आधीच हातातून गेलेले. नसलेल्या गोष्टीचा त्याग सोपा असतो.

तिसऱ्या पर्वात त्याला सगळे मिळते: घर, मान, प्रेयसी, वडिलांचा शब्द. युद्धसभेत त्याला वडिलांच्या उजव्या हाताची जागा मिळते. त्या सभेत काय घडले ते मालिका मुद्दाम उशिरा, अंतिम कथेत सांगते. पृथ्वी राज्य जाळून बेचिराख करायचे तिथे ठरले, झुकोला बोलावेसे वाटले, पण तो गप्प राहिला. तेराव्या वर्षी बोलल्याबद्दल चेहरा जळाला होता. सोळाव्या वर्षी गप्प राहिल्याबद्दल सन्मान मिळाला. या दोन सभा शेजारी ठेवल्या की पुढे तो वडिलांना सोडून का गेला, हे वेगळे समजवावे लागत नाही. सूर्यग्रहणाच्या दिवशी तो वडिलांसमोर उभा राहतो, आपण अवताराला मिळणार असल्याचे सांगतो आणि निघतो. त्याला कुणी हरवलेले नसते, हाकललेले नसते.

निर्णयानंतरचे भाग तितकेच मोलाचे आहेत. वाल्याच्या लोककथेतही घरच्यांनी पापाचा वाटा नाकारला म्हणून तो लगेच ऋषी झाला नाही. अंगावर वारूळ चढेपर्यंतचा काळ मध्ये जावा लागला. झुकोला आंगचे सोबती आधी हाकलून देतात. आंगला मारायला मारेकरी आपणच धाडला होता, हे तो कबूल करतो, तेव्हा तर विश्वासाचा प्रश्नच उरत नाही. पुढे त्याला जवळ केले जाते, तरी कटारा त्याला एकटे गाठून धमकावते. संताप गेला तशी त्याची अग्निविद्याही जाते आणि ती नव्या पायावर शिकावी लागते. प्रत्येकाचे देणे निराळे असल्याने फेडही निराळी. कटाराचा भाऊ सोका याच्यासोबत तो शत्रूच्या तुरुंगात शिरतो, कटारासोबत तिच्या आईच्या मारेकऱ्याच्या शोधात जातो. कटारा त्या मारेकऱ्याला जिवंत सोडते पण क्षमा करत नाही. झुकोला मात्र करते. क्षमा देणाऱ्याच्या हातात असते, ती मागणाऱ्याचा हक्क नसते, हे या भागाइतके नेमके फार थोड्या मालिकांनी मांडले आहे. आयरोच्या तंबूतल्या भेटीत झुको रडत माफी मागू लागतो आणि काका वाक्य पुरे होण्याआधीच त्याला मिठीत घेतात. एवढी फेड झाल्यानंतर आलेली ती मिठी स्वस्त वाटत नाही.

या रचनेतही एक उणीव आहे. झुकोचा हिशेब मुळातच हलका ठेवलेला आहे. पडद्यावर त्याच्या हातून कुणी मरत नाही. आणि जिथे खरा अपराध आहे तिथे मालिका घाई करते. पहिल्या पर्वात त्याने क्योशी बेटावरचे गाव पेटवले होते. त्या गावची सुकी त्याला तुरुंगात भेटते, तेव्हा तो विषय एका ओझरत्या ‘सॉरी’वर आणि विनोदावर संपतो. जळालेल्या गावाला याहून अधिक काही देणे लागत होते.

जड हिशेबाचे उदाहरण जपानी ‘ड्रॅगन बॉल झेड’मधल्या व्हेजिटाचे. नामेक ग्रहावर त्याने गावच्या गाव कापून काढले होते. पुढे बू या राक्षसाला थोपवण्यासाठी तो स्वतःचा स्फोट घडवतो. मरणाने सगळे धुऊन निघते, ही पटकथालेखकांची आवडती पळवाट आहे. इथे मात्र मरण्याआधी व्हेजिटा विचारतो, की परलोकात मालिकेचा दिवंगत नायक गोकू याची भेट होईल का. आणि गोकूचा सोबती पिकोलो सरळ नाही म्हणतो, कारण त्याने मारलेली निरपराध माणसे एका त्यागाने परत येत नाहीत. त्या एका उत्तरामुळे तो प्रसंग पोकळ होण्यापासून वाचतो.

‘स्टीव्हन युनिव्हर्स’मध्ये हे भान उशिरा येते. ग्रहांमागून ग्रह निर्जीव करणाऱ्या डायमंड राण्यांचे मन २०१९च्या ‘चेंज युवर माइंड’ या भागात बघता बघता वळते आणि त्यांना सामावूनही घेतले जाते. त्यांची प्रमुख, व्हाइट डायमंड, तर जवळजवळ एका प्रसंगात विरघळते. एवढ्या अपराधाला एवढा कमी वेळ, हा आक्षेप योग्यच होता. पुढच्या ‘स्टीव्हन युनिव्हर्स फ्युचर’ या मालिकेत स्टीव्हन त्याच व्हाइट डायमंडसमोर उभा असताना त्याच्या मनात तिला इजा करण्याची इच्छा उसळते. त्या घाईत बुजवलेली जखम आत तशीच होती, हे लेखकांनी तिथे उघडपणे पडद्यावर आणले.