रुपयाचा प्रश्न आणि आपले पासबुक

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रुपयाचे मूल्य घसरले की किमती आधी वाढतात, मजुरी मागाहून वाढते आणि मधल्या काळातला लाभ मालकाच्या पदरी पडून तोटा श्रमिकाला सोसावा लागतो, हे त्यांनी त्यात साधार मांडले. पुढे १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. जयंतीच्या व्यासपीठावरून या ग्रंथाचे नाव आपण अभिमानाने घेतो. परंतु त्या ग्रंथकर्त्याचे अनुयायी म्हणवणारे आपण स्वतःच्या घरातील पासबुक किती वेळा वाचतो, हा प्रश्न या स्मरणिकेच्या निमित्ताने विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते.

शहाड, मोहने, आंबिवली हा पट्टा रेयॉनच्या कारखान्यांभोवती वाढला. मोहन्याची एनआरसी २००९ मध्ये बंद पडली. कायम नोकरीची जागा अनेक घरांत कंत्राटी कामाने घेतली. कंत्राटदार बदलला की पगाराची बँक बदलते आणि नवे सॅलरी अकाउंट उघडले जाते. जुने मात्र बंद करायचे राहून जाते. काही महिने पगार जमा झाला नाही की बहुधा ते साध्या बचत खात्यात बदलते. मग किमान शिल्लक नसल्याचा दंड, कार्डाचे वार्षिक शुल्क, एसएमएसचे शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी अशी कपात सुरू होते. ज्याच्या खात्यात पैसे नाहीत त्याच्याकडूनच पैसे नसल्याचा दंड घ्यायचा, ही रीत आम्हांस अन्यायाची वाटते. म्हणूनच गरिबाला काटकसरीचे धडे देण्याचा हेतू येथे नाही. नियमांनी त्याला जे हक्क दिले आहेत ते त्याच्या हाती पोहोचावेत, एवढाच आग्रह आहे.

पहिला हक्क मूलभूत बचत खात्याचा. रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये सर्व बँकांना असे खाते देणे बंधनकारक केले. त्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही, एटीएम कार्डाला शुल्क नाही आणि महिन्यातून किमान चार वेळा पैसे विनामूल्य काढता येतात. चालू असलेले साधे बचत खातेही अर्ज करून या प्रकारात बदलून घेता येते. घरात दोन खाती पुरेशी असतात. उरलेली लेखी अर्ज देऊन बंद करावीत.

दुसरी गोष्ट एटीएमची. आपल्या बँकेच्या यंत्रातून महिन्याला पाच व्यवहार विनामूल्य असतात. दुसऱ्या बँकेच्या यंत्रातून महानगरात तीन, अन्यत्र पाच. त्यापुढील प्रत्येक व्यवहारास १ मे २०२५ पासून २३ रुपयांपर्यंत शुल्क आणि वर जीएसटी, म्हणजे सुमारे २७ रुपये पडू शकतात. दोनशे-तीनशे रुपये काढण्यासाठी महिन्यातून चार वेळा असे घडले, तर वर्षाला तेराशे रुपये जातात. एका मुलाच्या वह्या आणि दप्तर त्यात येते.

आमच्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीच्या खात्यांचाही येथे उल्लेख करावयास हवा. वर्षातून एकदाच रक्कम येणारे खाते बरेचदा निष्क्रिय ठरवले जाई. शिष्यवृत्ती व शासकीय योजनांची खाती अशा कारणाने निष्क्रिय ठरवू नयेत आणि कोणत्याही निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लकेचा दंड लावू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश १ एप्रिल २०२४ पासून लागू आहेत. पालकांनी ही तारीख लक्षात ठेवून बँकेत सांगावी. भविष्य निर्वाह निधीचा ऑनलाइन अर्जही विनामूल्य असतो. स्वतःचेच पैसे मिळवण्यासाठी दलालाला टक्केवारी देण्याचे कारण नाही.

कर्जाबाबत तर धम्माचीच शिकवण आपल्यापुढे आहे. अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली. त्यांत ऋणमुक्त असण्याचे सुख, म्हणजे अनणसुख, स्वतंत्रपणे सांगितले आहे. दीघजाणू या गृहस्थाला दिलेल्या उपदेशात मिळकत व खर्च यांचा तोल राखणारी समजीविता येते. त्याग हा भिक्खूचा मार्ग. गृहस्थाने हिशेब ठेवावा, अशी ही स्पष्ट दृष्टी आहे. आज क्रेडिट कार्डाची ‘किमान देय रक्कम’ भरून निश्चिंत होणारा तरुण उरलेल्या रकमेवर बहुधा महिन्याला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला छत्तीस ते बेचाळीस टक्के व्याज देत असतो. सावकाराच्या दारात हा दर ऐकून आपण चमकलो असतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँक वा वित्तसंस्थेला वैयक्तिक कर्ज देण्यापूर्वी ऋणकोला समजणाऱ्या भाषेत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावे लागते. व्याज, प्रक्रिया शुल्क, विमा हे सारे धरून होणारा वार्षिक दर त्यात असतो. ते मराठीत मागावे, घरी आणून वाचावे, मगच सही करावी.

बँकेने चुकीचे शुल्क कापले तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तथापि काउंटरवर एकट्याने प्रश्न विचारायला आपली माणसे अजून कचरतात, हे आम्ही पाहतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना दाराबाहेर उभे केले गेले, त्यांचा तो संकोच एका परिपत्रकाने जाणार नाही. तिथे सोबत लागते. बुद्धांनी दीघजाणूला कल्याणमित्राची संगत सांगितली, ती अशाच प्रसंगी उपयोगी पडावी.

म्हणून माजी विद्यार्थ्यांपुढे एक सूचना ठेवतो. आपल्यापैकी कित्येकजण आज बँकांत, विमा व कर कार्यालयांत नोकरी करतात. वर्षावासात विहारांमध्ये ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. त्या तीन महिन्यांतील एका रविवारी वाचनानंतर त्यांनी दोन तास तेथेच बसावे. लोकांनी पासबुके आणावीत. पिन वा ओटीपी कोणी विचारू नये, कोणी सांगू नये. कोणती कपात कशाची हे समजावून द्यावे आणि लागतील ते अर्ज तिथेच लिहून द्यावेत. या कामाला निधी लागत नाही, सभागृह लागत नाही. येत्या आषाढ पौर्णिमेपूर्वी दहा जणांनी शाळेत नावे नोंदवली, तरी सुरुवात होईल.